कडी बाहेरून

मी, खाली सही करणारी, धंदा धोबीण, वय पंच्याहत्तरच्या पुढे (नक्की किती ते ज्यांनी लिहून ठेवायचं ते तेव्हा दुसऱ्या कामात होते), राहणार जुन्या सुधारगृहाला लागून असलेल्या हौदांजवळच्या घरात, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी त्यांना शर्टाचं बटण भलत्याच काजात का घातलंय ते विचारलं. दोघांत मी पास झाले. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करते. कोणाचं दडपण नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकच बाई होती, ती केव्हाच वारली. शुद्धलेखन वकीलबाईंनी सुधारलं आहे. मजकुराला हात लावू दिलेला नाही.

कलम पहिलं. राहतं घर लेकाला आणि सुनेला. या घरात एकाही दाराला आतून किंवा बाहेरून कडी नाही. पाहुणे विचारतात, म्हणून कारण एकदाच लिहिते. माझ्या आईने दिराकडे घरातला आपला वाटा मागितला. दिराने तिला सुधारगृहात घातलं. वाटा मागणाऱ्या बायका सुधारण्याची तिथे सोय होती. मी लहान, कडेवर होते, म्हणून मलाही सुधारायला घेतलं. तिथे सगळ्या खोल्यांच्या कड्या बाहेरून. पुढे स्वतःचं घर झालं तेव्हा मी बजावलं, इथे कडी नको.

म्हणून आमच्याकडे न्हाणीघरात जो असेल त्याने गात राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. सून नवी होती तेव्हा टॉवेल घेऊन उभी राहिली, म्हणाली, “आई, कडी कुठे आहे?” मी म्हटलं, “गळा आहे ना?” बिचारीला गळा होता, ती निभावली. लेक एकच गाणं म्हणतो, तेही अर्धं. उरलेलं ऐकायला मिळेल ही आशा मी सोडली आहे. जावईबापूंना सूर नाही. ते बँडमध्ये वाजवतात. आमच्याकडे मुक्कामाला आले की ट्रम्पेट घेऊन आत जातात.

कलम दुसरं. हौदांचं आवार. हे माझं स्वकष्टार्जित आहे. लहानपणी सुधारगृहात असताना याच हौदांवर मी हॉटेलांच्या चादरी धुतल्या, अक्षरं शिकले ती चादरींवरच्या खुणांवरून. सुधारगृह बंद पडून आवाराचा लिलाव झाला तेव्हा मी आणि आमच्या ह्यांनी ते घेतलं. (हे म्हणजे फाटकाशी साबणाची गाडी आणणारे. मी एक वडी जास्त मागितली, त्यांनी दोन दिल्या. आमचं तेवढ्यावर जमलं.)

आता सुधारगृहाची जतन समिती झाली आहे. इमारत पाडायची नाही, लोकांना दाखवायची. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः सही दिली. पण आवार माझं असल्याने समितीला नीट वाट नाही. पाहुणे मागच्या बोळातून तिरके होऊन आत जातात आणि जाड देणगीदार मधेच अडकतात. म्हणून समितीला आवार हवं आहे.

मी बघायला गेले. समितीच्या सुताराने मोठ्या अभिमानाने दारं दाखवली. म्हणाला, “आजी, पूर्वीच्या कोण्या येड्या सुताराने सगळ्या कड्या उलट्या बाजूला ठोकल्या होत्या. एकूण एक सरळ करून टाकल्या.”

सगळ्या कड्या आतून! जणू आम्ही तिथे सुट्टीत राहायला गेलो होतो.

अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “राहू द्या हो, आजी. लोक मुलंबाळं घेऊन येणार. बाहेरून कडी बघून त्यांचा मूड जाईल.”

“आमचाही गेला होता.”

“जतन म्हणजे शेवटी भावना जपणं असतं.”

“भावना तुम्ही जपा. मला रंग दाखवा.”

ते रंग दाखवायला लांब खोलीत, म्हणजे पूर्वीच्या मुलांच्या खोलीत शिरले. मी दार ओढलं आणि बाहेरच्या दोन कड्यांत, म्हणजे हात घालून ओढायच्या त्या गोल कड्यांत, माझी छत्री सरकवली.

“आजी, दार अडकलं वाटतं!”

“अडकलं नाही. लावलंय.”

“अहो, कडी तर आतून आहे! थांबा, काढतो.” त्यांनी कडी काढली. घातली. परत काढली. दार जिथल्या तिथे.

“आजी, हा काय पोरखेळ आहे?”

“पोरं इथेच असायची. गा काहीतरी.”

“काय?”

“आत असणाऱ्याने गायचं. आमच्याकडे तशी पद्धत आहे.”

त्यांनी दार आणखी एकदा हलवून बघितलं. मग गायले. आधी पुटपुटत, मग खणखणीत. आवाज बरा आहे, जावईबापूंपेक्षा फार बरा. माझी नात तिथे पाहुण्यांना माहिती सांगते. ती धावत आली. “आजी, छत्री काढ! देणगीदार आलेत, त्यांना वाटतंय कार्यक्रम सुरू झाला!”

अध्यक्ष घामाघूम होऊन बाहेर आले. म्हणाले, “मुद्दा पोचला. बैठकीत ठेवतो.” तेव्हापासून बैठका होतात. कड्यांचा विषय शेवटी असतो, आणि त्याच्या आधी चहा येतो.

सबब मी असं ठरवते. मी मरेन त्या दिवशी कड्या ज्या बाजूला असतील, त्यावरून आवार कोणाचं ते ठरेल. कड्या बाहेर असतील तर आवार समितीचं. चहाचं दुकान मुलांच्या खोलीत काढायचं घाटतं आहे, तेही तिथून हलवावं. ते सुधारगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या खोलीत चालेल. तिथे चहाची सवय आहे, दूध घातलेला चहा त्या इमारतीत फक्त तिथेच मिळायचा. मोठ्या बाईंची तसबीर काढू नये. शिक्षेच्या अंधारखोलीत लावावी. ती खोली त्यांनी आतून कधी पाहिली नाही.

कड्या आत असतील तर आवार जावईबापूंच्या बँडला रोजच्या सरावासाठी मिळेल, सुधारगृहाच्या भिंतीला लागून, तोंड खिडक्यांकडे करून. जावईबापू हल्ली रोज माझी तब्येत विचारतात. या कलमाची एक प्रत अध्यक्षांना आजच द्यावी, म्हणजे तेही विचारतील. वकीलबाई म्हणतात ही धमकी झाली, मृत्युपत्रात बसत नाही. बसवा.

कलम तिसरं. माझ्याजवळ एक लोखंडी कडी आहे. इस्त्रीच्या टेबलावर कपडे उडू नयेत म्हणून ठेवते. सुधारगृह बंद झालं त्या दिवशी लांब खोलीच्या दारावरून मी ती उपटली. ती समितीला, त्याच दारासाठी. कुठल्या बाजूने ते वर आलं आहे.

कलम चौथं. इस्त्री आणि टेबल सुनेला. तिने माझ्या माघारी शेजारणीला “आमच्या सासूबाई जरा अशाच आहेत” असं सांगितलं होतं. मी दाराआड होते. दाराला कडी नव्हती. इस्त्री तरीही तिलाच, कारण कॉलर तिच्यासारखी कोणाला जमत नाही. छत्री नातीला. अध्यक्ष बदलत राहतात.

कलम शेवटचं. माझ्यानंतर न्हाणीघराच्या दाराला एक कडी बसवायला माझी हरकत नाही. आतून. पहिल्यांदा सुनेने जावं. इतकी वर्षं गायली, आता तिने गप्प बसून, हवा तितका वेळ, गरम पाणी संपेपर्यंत अंघोळ करावी. कोणी दार वाजवू नये. रडारड करायची ती अंगणात करावी. ट्रम्पेट घरी ठेवावा. झालं की कडी तिने तिची काढावी आणि बाहेर यावं.

सही: केली आहे. अंगठा नाही, नीट बघा.

साक्षीदार एक: डॉक्टर, बटण सरळ लावून.

साक्षीदार दोन: सुतार. याला मी काहीही ठेवलेलं नाही, म्हणून साक्षीला चालतो. सही करताना म्हणाला, “आजी, उद्याच फिरवतो कड्या, अध्यक्षांना विचारत नाही.” जावईबापूंनी हे ऐकलं आणि ते पाणी प्यायला आत गेले.

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

स्थळ: राहतं घर. दार उघडंच आहे.