रिकामं दुपटं

पुरानी बस्ती, रायपूर
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. श्रावणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

वरच्या मजल्यावरची क्षमा लिहून राहिली. मी सांगते तसंच लिही म्हटलं, तर हसते. आम्ही मजेत आहोत. म्हणजे मी एकटीच, पण तोंडात अजून 'आम्ही'च येते.

तुझं पार्सल आज रवाना केलं. तुझ्या आजोबांची बाकी धोतरं तेराव्याले वाटली, दोनच ठेवली होती. त्यातल्या एकाचं दुपटं शिवलं. नव्या लेकराच्या अंगाले पहिलं कापड घरच्या म्हाताऱ्याचं लागते, म्हणजे त्याचं आयुष्य लागते.

कुरियरवाल्यानं विचारलं, आजी, खायचं काही आहे का? मी नाही म्हटलं. क्षमाले घाम फुटला, कारण घडीत मी डिंकाचे चार लाडू गुंडाळताना तिनं पाहिलं होतं. तू बजावलं होतंस, माहीत आहे मले. पण पहिलटकरणीच्या घरी रिकामं कापड धाडत नसतात. अन् चार लाडवांसाठी दुपट्याची घडी कोण उकलून पाहते?

पोटातल्याले माझा पापा.
तुझी आजी

गेंट, बेल्जियम
२४ नोव्हेंबर

ती. आजीला श्रावणीचा नमस्कार. पोटामुळे वाकता येत नाही, मनानेच वाकले समज.

क्षमाताई, आजीला आधी बसव. पुढचं हळू वाच.

आजी, दुपटं आलं नाही आणि आता येणारही नाही. पार्सल जर्मनीच्या विमानतळावर उतरलं, तिथेच उघडलं. मी फोनवर भांडले, मी राहते बेल्जियमला, जर्मनीनं का अडवावं? तिथल्या बाईनं शांतपणे सांगितलं, जकातीपुरते हे सत्तावीस देश एकच घर आहे. बाहेरून येणाऱ्या मालाला सगळ्यांची जकात सारखी, नियम सारखे. माल ज्याच्या दारातून येतो, त्यानं सगळ्यांच्या वतीनं बघायचं, कारण एकदा आत आला की पुढे कोणी विचारत नाही. खरंच, मी शनिवारी हॉलंडातून भाजी आणते, पिशवीकडे कोणी बघतसुद्धा नाही. पण दुधातुपाचं बाहेरून टपालानं येऊ देत नाहीत, गुरांच्या रोगाची भीती. लाडवांचं तूप कापडात मुरलं होतं. दोन्ही जाळलं.

तुझा नातजावई अनिमेष म्हणत होता, आजीला सांगू, वाटेत हरवलं. मी म्हटलं, या पार्सलापायी एक खोटं पुरे झालं. रागावले नाही गं. नुसती रडले. मला बाळाला आजोबांच्या तपकिरीचा वास द्यायचा होता.

जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझी श्रावणी

पुरानी बस्ती, रायपूर
३ डिसेंबर

चि. श्रावणीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचायले लावलं. दुसऱ्यांदा क्षमालेच वाचवेना.

ते एकच घर समजलं मले. आपल्या पारा-मोहल्ल्यात गल्लीच्या तोंडाशी शांताकाकू बसे. तिनं ज्याले आत सोडलं, त्याले पुढं कोणत्याच दारात 'कोण तू' म्हणत नसत. तिनं फिरवलं, त्याले कोणी पाणीही देत नसे. तिचं चुकत नव्हतं, तुझ्या त्या बाईचंही नाही. फक्त तू आता आतली झालीस, अन् मी बाहेरचा माल.

वैशाखात महादेव घाटावर तुझ्या आजोबांले एकदा जाळलं. दुसऱ्यांदा मी जाळलं, चार लाडवांसाठी. लाडू आवडायचे त्यांले, सोबत गेले, एवढंच.

दुसरं धोतर मी माझ्यासाठी ठेवलं होतं. मी गेली की अंगावर टाकजो, असं क्षमाले सांगून ठेवलं होतं. काल ते फाडून त्याचं दुपटं शिवलं. आधी सोड्यात तीनदा धुतलं. तपकिरीचा वासही गेला, बाई. तेवढं तुले देता आलं नाही. मले काय, कोणतंही कापड चालते.

कुरियरवाल्यानं पुन्हा विचारलं, खायचं आहे का? मी म्हटलं, झटकून पाहा. त्यानं दोनदा झटकलं. काहीच पडलं नाही.

जन्मात पहिल्यांदा रिकामं कापड धाडून राहिली. लेकराले त्यात गुंडाळशील तेव्हा भरेल ते.

खालचा अंगठा माझा आहे. लावण्याआधी हात धुतला.
तुझी आजी