धुलाईखान्यामागची टाकी

प्रिय भुंग्या,

एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक झालास तरी मला तू भुंग्याच. लहानपणी काहीतरी करत बसलास की गुणगुणायचास, तेव्हापासूनचं हे नाव. परवा फोनवर माझ्यावर तोंड टाकलंस तेव्हा मात्र वाटलं, आपण नाव ठेवताना चुकलो, ही तर गांधीलमाशी! तू आवाज चढवलास की मला बोलायचं सुचत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुझ्यामुळे मी शिकले, हे मी कधी नाकारलं नाही. दोघांना शिकवणं झेपणार नाही म्हणून बाबा हात टेकून बसले होते. तू शाळा सोडून ब्लँकेटच्या दुकानात लागलास आणि म्हणालास, "ताईला शिकू द्या, माझं डोकं काही पुस्तकात चालत नाही." ते धादांत खोटं होतं. गणित तुझं माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी रसायनशास्त्रात डॉक्टर झाले, तर गल्लीभर सांगत तूच सुटलास, जणू मी माणसांची ऑपरेशनं करणार आहे.

म्हणूनच पुढे तू ब्लँकेटचा कारखाना काढलास, तेव्हा त्याच्या धुलाईखान्याच्या पाण्यासाठी मी जीव ओतून काम केलं. पॉलिएस्टरचं ब्लँकेट धुताना त्याची लव सुटते, ती प्लास्टिकचीच, आणि तिचे तुकडे इतके बारीक की कुठल्याही गाळणीतून पार होतात. आम्ही प्रयोगशाळेत बनवलेलं द्रावक तुला आठवतं. दोन कोरडे पदार्थ एकत्र घोटायचे, की न तापवताच त्यांचं तेल होतं. ते पाण्यात ढवळायचं आणि थांबायचं. तेल आपोआप वर येतं आणि येताना प्लास्टिकचे कण पोटात घेऊन येतं. हे दाखवलं तेव्हा तू म्हणालास, "म्हणजे आपल्या आईबाबांच्या उलट! ते वेगवेगळे असले की लोणी, एकत्र आले की दगड." हसताना माझ्या हातातलं भांडं पडायचं राहिलं होतं.

तू टाकी बांधलीस. ब्लँकेटच्या पिशवीवर माझा फोटो छापलास, पांढऱ्या कोटातला. त्याखाली लिहिलंस, 'आमची ताई, आमचं स्वच्छ पाणी'. आईने तो कापून आरशाच्या कडेला खोचला.

मागच्या महिन्यात मी न कळवता आले. तुझा मुकादम दारातच चहाचा आग्रह करायला लागला, तिथेच शंकेची पाल चुकचुकली. टाकी कोरडी ठणठणीत होती. तळाशी फाटक्या ब्लँकेटवर मांजर व्यालेली. धुण्याचं पाणी रबरी नळीतून सरळ ओढ्यात चाललं होतं. मुकादम खाली मान घालून म्हणाला, "साहेब पाहुणे यायच्या आदल्या दिवशी भरायला लावतात, ताई."

तुला विचारलं, तर म्हणालास, तेल पुन्हा साफ करून वापरण्यात वेळ जातो, माल अडकतो. वर म्हणालास, "डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, त्याच्यासाठी किती जीव काढशील?" मला दिसतं रे. ओढ्याच्या खालच्या वस्तीत नळाला ओढ्याचंच पाणी येतं, तिथे जाऊन मी ते आणलं. भिंगाखाली मोरपंखी धागे होते, त्याच रंगाचे, जो या वर्षी फक्त तू काढलास. ते पाणी तिथली पोरं पितात. तुला हेही सांगितलं. करतो, करतो म्हणालास आणि केलं काहीच नाहीस.

आणि परवा फोन. नवे ग्राहक येणार आहेत, कोट घालून ये आणि नेहमीसारखी त्यांना टाकी दाखव. मी नाही म्हटलं, तर म्हणालास, "माझ्या जिवावर शिकलीस, आणि मलाच शिकवतेस?" इतक्या वर्षांत एकदाही तू हे बोलून दाखवलं नव्हतंस. मला वाटायचं, ते तू मला दिलं होतंस. तू तर ते राखून ठेवलं होतंस, वेळेला काढायला.

काल मी पाणीखात्यात गेले. नळाच्या पाण्याचे नमुने, टाकीचे फोटो, माझ्या सहीचा अहवाल, सगळं देऊन आले. सोमवारी तपासणीला माणसं येतील. कारखाना बंद करतील, किती काळ ते मला माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, आणि कसं सांगायचं तेही सुचलेलं नाही. तुला हे सरकारी नोटिशीतून कळू नये, बहिणीकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. आता घाईघाईने टाकी भरू नकोस, उपयोग नाही. त्या माणसांबरोबर मलाही यावं लागणार आहे. फाटकाशी ओळख दाखवायची की नाही, ते तुझं तू ठरव.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
ताई