पान ४७ वरची पेन्सिल

आरमोरी, मंगळवार,
सकाळचे सव्वासात

ती. लटारूभाऊ यांना मावसभाऊ पत्रूचा नमस्कार. वहिनींचा गुडघा (उजवा, मागच्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता) आता कसा आहे? इकडे सर्व ठीक. मला तीन दिवस जेवण जात नाही, पण ते राहू द्या.

कळवायचे असे की आमच्या वाचनालयाने वनशास्त्राचे त्रैमासिक छापील घेणे बंद केले. आता ते संगणकावर येते, आणि मागच्या एकोणीस वर्षांचे अंकही, तुम्ही नोकरीला आहात त्या चंद्रपूरच्या ग्रंथालयात स्कॅन होऊन, त्यातच आले. सोय आहे, नाही कशी म्हणू? 'मोह' लिहिले की मोहावरचे एकतीस लेख दोन सेकंदांत हजर (वीज असली तर, काल चार तास नव्हती). वाळवी लागत नाही, नेलेला अंक मागायला कोणाच्या दारी जावे लागत नाही. पण भाऊ, समासात लिहायची सोय नाही! सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढचे सगळे मी त्या समासांत शिकलो. लेखकाचे चुकले की पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तारखेसह दुरुस्ती. एकूण दोनशे बारा. (वाचनालयाच्या पुस्तकांत लिहू नये, ही पाटी मीच रंगवली आहे. ती शाईबद्दल आहे.)

स्कॅनमध्ये माझी पेन्सिलही गेली. एका जुन्या अंकात पान ४७ वर हिरड्याच्या फांदीचा फोटो आहे. त्याखाली मी लिहिलेले: 'साफ चूक. हा बेहडा. लेखकाने एकदा तरी जंगलात यावे.' छापील फोटो काडेपेटीएवढा होता, वर काळपट. शनिवारी बचत गटाच्या सुकरीबाईंनी नेमका तोच पडद्यावर उघडला. त्यांच्या गटातल्या चौदा बाया हिरडा-बेहडा गोळा करून विकतात, आणि येत्या सोमवारी त्यांना झाडांची ओळख शिकवायला मलाच बोलावले आहे. "पत्रूभाऊ, हे अक्षर त्या पाटीवालंच दिसते नं?" मी म्हणालो, अशी अक्षरे पुष्कळांची असतात. "मंग फोटोच मोठा करून पायतो," म्हणाल्या, आणि केलाही. फळ ताटाएवढे झाले. बेहड्याच्या हिरव्या फळावर मखमल असते, भाऊ. ह्याच्यावर लव म्हणून नाही. गुळगुळीत. हिरडाच. बाई हसल्या असत्या तर बरे होते. त्या नुसते "अस्सं" म्हणाल्या. त्या 'अस्सं'मुळे जेवण जात नाही.

कागद असता तर खोडरबराचे काम होते. पडद्यावर घासून पाहिला (कोणी नसताना). काच स्वच्छ झाली.

बाकी काळजीचे कारण नाही.

तुमचा,
पत्रू

ता. क. मूळ अंक अजून तुमच्याकडेच आहेत. पान ४७ खोडून सोमवारच्या आत पुन्हा स्कॅन करवाल का? बाकीच्या २११ नोंदींना हात लावू नये, त्या बरोबर आहेत.

ता. क. २. नोंद ९४ च्या वरचा फोटोही एकदा मोठा करून पाहा.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तर सुकरीबाई दारात. ते पान छापून त्यांनी सगळ्या गटात फिरवले आहे! "भाऊ, तुमचं बी चुकते हे पायल्यावर बायाईले धीर आला. आतापावतर तुमाले काई विचाराले भेत होत्या. सोमवारी या, अन् हे पान घेऊनच या." तेव्हा खोडू नका. त्याखाली फक्त एवढे लिहून स्कॅन करा: 'चूक माझी. हिरडाच आहे.' मात्र अक्षर तुमचे असू द्या.