धरायची दांडी

३ जून, सोमवार

टॉवेलची दांडी पडली. टॉवेलसकट! टाइलला दोन भोकं, खाली पांढरा भुगा. प्राणेश म्हणतो, "टाइल तर मजबूत वाटत होती." टाइल मजबूतच आहे. मागे जिप्सम बोर्ड आहे, त्याचं काय? माझ्या नवऱ्यानं त्यात विटांच्या भिंतीत ठोकतात ती गिट्टी ठोकली. इंजिनियर आहे तो.

ही पोकळ भिंत आम्हीच हौसेनं घातली. सासूबाई चेन्नईतलंच वेस्ट मांबलमचं जुनं घर सोडून कायमच्या आमच्याकडे राहायला येणार, आणि कमोड असलेल्या खोलीत त्या आंघोळ करत नाहीत. मडी मोडते. सासरच्या तंजावरी मराठीत मडी म्हणजे आमच्या सांगलीकडचं सोवळं, फक्त जास्त कडक. म्हणून एका बाथरूमची दोन केली.

५ जून

टॉवेल पडला तर पडू दे. सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, धरायची दांडी पडून चालणार नाही. मागे त्या तिकडच्या न्हाणीघरात घसरल्या, मनगटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, "आता परत पडता कामा नये." मला खरंच भीती वाटते.

९ जून, रविवार

कमोडच्या बाजूनं बोर्ड कापलं. आत पत्र्याचे उभे खांब आहेत, त्यांच्यामध्ये जाड प्लायवूड आवळून बसवलं. मग आंघोळीच्या बाजूनं टाइलवर चिकटपट्टी — नाहीतर ड्रिल घसरतं — आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून हळूहळू भोकं. धरायच्या दांडीचे लांब स्क्रू थेट प्लायवूडमध्ये. भोकांत सिलिकॉन. प्राणेश व्हॅक्यूम धरून उभा. शेवटी मी दांडीला लटकले. पाय वर घेऊन!

"उतर आता," प्राणेश म्हणाला. थोडा वेळ नाही उतरले.

१२ जून

अम्मा आल्या. एक पेटी, एक सोवळं वाळत घालायची काठी. पेटी उघडली नाही. "राहून बघतें," म्हणाल्या.

१३ जून

दांडीवर नऊवारी! अम्मांनी धुऊन काठीनं पसरलेली.

"अम्मा, ही धरायची आहे."

"अय्यो! मज वाटलें मडी वाळवण्यास केलींस. बाल्कनींत अस्क्यांचे कपडे की गे!"

अस्के म्हणजे सगळे. आता साडीची मडी मोडेल म्हणून दांडीला कुणी हात लावायचा नाही. खुद्द अम्मांनीही नाही, कारण आंघोळीआधी त्या स्वतःच मडीत नसतात. आणि बादली भरताना फरशी ओली होते ती नेमकी तेव्हाच. डोक्याला हात लावला.

१४ जून

साडीसाठी छताला वेगळी काठी टांगू, असं प्राणेशला सांगितलं. "रविवारी," म्हणाला. बरं म्हटलं. अम्मांशी वाद घालायचा नव्हता — सकाळी त्यांनी आपणहून माझ्या डब्यात लिंबूभात भरला, आणि संध्याकाळी पेटी उघडली. सिरुसेरीच्या ऑफिसातून घरी येऊन बघते तर त्यांचे देव आमच्या कपाटात मांडलेले. फार बरं वाटलं.

१५ जून, शनिवार

अम्मा पडल्या. आंघोळीआधी. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. प्राणेश हॉस्पिटलमध्ये आहे. मी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. दांडी तसूभर हललेली नाही. साडी कडकडीत वाळलीय, तिला सुरकुतीसुद्धा नाही. त्यांनी दांडी धरलीच नाही!

साडी काठीनं उतरवली. हात लावला नाही.