टेपचं जड बटण

ठमे,

मी भंगारवाल्याकडे चाललेय, तू काल देऊन टाकलेला टेपरेकॉर्डर परत मिळतो का बघायला. तुझ्यावर रागावलेले नाही. बाबांची सगळी गाणी तू फोनवर घालून दिलीस, आवाजही किती स्वच्छ येतो! टेपच्या खरखरीने माझेही कान किटले होते.

पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा उजव्या बोटाने त्या टेपचं बटण दाबायला धडपडत होते. बटण जड, रोज अर्धा तास झटापट चालायची. परवा ते पहिल्यांदा खटकन खाली गेलं. रविवारी तुला दाखवायचं ठरवलं होतं त्यांनी, म्हणून मला बोलू दिलं नाही.

आज सकाळी त्यांनी फोनवर बोट दाबून पाहिलं. काच कुठे खाली जाते? त्यांना वाटलं, बोटातला जोर पुन्हा गेला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत, चहाही घेतला नाही.

रात्रपाळीची झोप झाली की आधी त्यांच्याजवळ बस. तुझा हात त्यांच्या हातात दे आणि जोरात दाबायला सांग. दुखलं तर खुशाल ओरड. त्यांना बरं वाटेल.

आई