थेंबाहून लहान

दि. ६ फेब्रुवारी

चि. टिकलीस, अ. उ. आ.

तू द्रव मोजायच्या बारीक सिरिंज बनवतेस, असं तुझ्या आईकडून कळलं. मला एक हवी आहे. अत्तरातले काही अर्क थेंबभरही जास्त होतात. थेंबाचा विसावा भाग उचलता यायला हवा. पार्सल आमच्या अत्तराच्या कारखान्यावर नको, घरी पाठव.

मामा

दि. २० फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

सिरिंज पाठवली आहे. नेहमीची चालली नसती. तुमच्या अर्कांनी रबर फुगतं, आणि सुईच्या पोकळीत अडकणारा द्रवच तुमच्या मापाहून जास्त भरतो. म्हणून दट्ट्याची तार थेट सुईच्या टोकापर्यंत नेली आहे. सोडताना टोक भांड्याच्या कडेला टेकवा, नाहीतर द्रव तिथेच लटकून राहील.

पण तुम्ही मापं कधीपासून घ्यायला लागलात? तराजू दिला की म्हणायचात, माझं नाक काय भाड्याने दिलंय?

टिकली

दि. ३ मार्च

चि. टिकलीस,

नाक गेलं, बाळ. हिवाळ्यातल्या तापानंतर कसलाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतात, परत येईल किंवा येणार नाही. जुनी मिश्रणं तोंडपाठ आहेत, ती तुझ्या सिरिंजने जुळवतो. तक्रार नाही. कारखान्याच्या मालकीणबाईंना काही बोललो नाही.

मामा

दि. ९ मार्च

ती. मामांस,

रागावू नका. सिरिंज किती ते सांगते, काय ते नाही. एखादा अर्क उतरला असेल, तर तोही ती तितक्याच अचूकपणे उचलेल. शेजारी नाक असलेलं माणूस हवं.

काळजीत असलेली, टिकली

दि. २ एप्रिल

चि. टिकलीस, अ. उ. आ.

राग आला होता, म्हणून उत्तर लांबलं.

परवा एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. मनगट पुढे करून म्हणाल्या, यंदाचं नेहमीपेक्षा सरस आहे. मी हुंगल्यासारखं केलं, मान डोलावली. त्या खरं बोलत होत्या की माझं मन राखत होत्या, मला कळेना. त्या गेल्यावर मालकीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

त्यांना जानेवारीपासून ठाऊक होतं. रोज मी घरी गेलो की त्या बाटल्या उघडून माझी मिश्रणं दुरुस्त करत होत्या आणि मी कधी बोलतो याची वाट पाहत होत्या. म्हणजे ती शाबासकी त्यांची होती.

आता मोजायचं मी, हुंगायचं त्यांनी. आज पहिलं नवं मिश्रण केलं. त्या म्हणाल्या, जरा कडक आहे. मी पुन्हा केलं, त्यातला तीव्र अर्क सिरिंजवरच्या अर्ध्या रेघेने कमी घेतला. आता जमलं, म्हणाल्या.

मी बाटलीला बूच लावलं.

असाच जीव लावत राहा.

मामा