कुलगुरूंची दाढी

ठमे,

चहा झाकून ठेवलाय, उठलीस की गरम करून घे. माझे डोळे दाखवायचेत असं सांगून तुझ्या बाबाला मी डॉक्टरकडे घेऊन चाललेय. माझे डोळे ठणठणीत आहेत, पण तो घरात नसताना तू हे वाचावंस म्हणून हा खटाटोप.

काल तू आम्हाला तुझं विद्यापीठ दाखवलंस. दोन वर्षं तिथे शिकतेस आणि ग्रंथालयाचा रस्ता माळ्याला विचारलास. म्हटलं, असेल बाई. मग मनोऱ्यापाशी मी सांगितलं, की या घड्याळाच्या चाकात एका कुलगुरूंची दाढी अडकली, तेव्हापासून ते दहा मिनिटं मागे चालतं. तर तू म्हणालीस, "हो गं आजी, आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

अगं बये, ती दाढी मी पायऱ्या चढता चढता रचली होती!

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय. रोज सकाळी डबा घेऊन तू जातेस तरी कुठे?

बाबा तुझा भोळा. सोमवारी तुझ्या सरांना भेटायला जाणार आहे, लेकीचं कौतुक ऐकायला. आम्ही बारापर्यंत येतो, तोवर आईला खरं काय ते सांगून टाक. ती चिडेल, रडेल, चिडू दे. बाबाचं मी बघते.

आणि कॉलेज सुटायला तिथलंच कुणी कारण असेल, तर त्याचं नाव आधी माझ्या कानात सांग.

आजी